पिवळतोंड्याशी पैज

सकाळपासून नुंत्सियाचं कशात लक्ष नव्हतं, आणि दोष दुसऱ्या कुणाला द्यायची सोय नव्हती. आईने अट घातली आणि हिने "बरं" म्हटलं. शुद्धीवर असलेलं माणूस असल्या अटीला "बरं" म्हणत नाही. पण नापोलीत जन्मलेल्या माणसापुढे संत जेन्नारोचं नाव काढा, त्याची अक्कल तिथल्या तिथे गहाण पडते, मग तो कितीही शिकलेला असो. नुंत्सिया तर परीक्षा देऊन परवाना मिळवलेली गाईड होती. परदेशी पाहुण्यांना शहर दाखवणं हा तिचा धंदा, आणि संताच्या गोष्टी सांगताना ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवणं ही त्या धंद्यातली तिची लकब. आज ते हसू कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

भानगड आईच्या घराची होती. आई, म्हणजे तितीना, पोत्सुओलीत राहायची, शहराच्या पश्चिमेला, समुद्राकाठी. तिथली जमीन पोटातल्या आगीमुळे कधी फुगते, कधी बसते, आणि फुगते तेव्हा घरं हलतात. गेल्या आठवड्यात जरा जास्तच हलली आणि आईच्या निजायच्या खोलीत, कपाटाच्या वर, भिंत उकलली. तपासायला आलेल्या इंजिनिअरने खांदे उडवले. राहायचं तर राहा, पण माझी आई असती तर मी राहू दिलं नसतं, असं म्हणून तो पुढच्या घरी गेला. हे कळल्यावर नुंत्सिया काल संध्याकाळी धावतच तिकडे गेली होती.

"आई, कपडे भर. माझ्याकडे चल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? भिंतीत माझं बोट जातंय!"

"मग नको घालूस बोट." तितीना ओट्याशी उभी राहून मासे साफ करत होती. तिने मानसुद्धा वळवली नाही.

"रात्री छत अंगावर आलं म्हणजे?"

"तुझ्या चौथ्या मजल्यावर छत नाही वाटतं? की तिथे नुसतं आभाळ आहे?"

म्हातारी हट्टी होती, पण तिचा हट्ट उगाच नव्हता. ती लहान असताना तिचं कुटुंब रिओने तेर्रामध्ये राहायचं, पोत्सुओलीच्या जुन्या टेकडीवरच्या वस्तीत. तेव्हाही जमीन अशीच फुगली, आणि एका सकाळी सैनिक आले. सगळ्यांनी बाहेर पडा, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगितलं. तितीनाच्या आईने चुलीवरची कॉफीसुद्धा उतरवली नाही. त्या घरात त्यांच्यापैकी कुणीही पुन्हा राहायला गेलं नाही. वस्ती कितीतरी वर्षं ओस पडली होती. मग सरकारने ती दुरुस्त केली, खाली रोमन काळातले रस्ते सापडले, दिवे लावले, तिकीट लावलं. आता तिथे पाहुणे येतात, आणि त्यांना घेऊन येणाऱ्यांत नुंत्सियाही असते. गर्दीत लांबून दिसावी म्हणून मिटलेली हिरवी छत्री डोक्यावर धरून ती पुढे चालते, आणि बाकीचे बदकांसारखे मागे.

"तुझ्या छत्रीमागून लोक येतात," तितीना म्हणाली, "आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघरासमोर उभं राहून दात काढून फोटो काढतात. ह्याही घरातून उठले, की उद्या इथेही तिकीट लावाल. तू सांगशील, ही पाहा ती फट, इथे माझी आई बोट घालायची."

"आई, असं काय बोलतेस!"

"मी एकदा उठले. पुन्हा नाही उठणार."

नुंत्सियाला रडू फुटलं. तिचं रडणं पाहून म्हातारी जरा नरमली. हात धुतले, पदराला, म्हणजे कंबरेच्या फडक्याला पुसले, आणि तिने ती अट काढली.

"उद्या जेन्नारोचा सण आहे. तोच सांगेल. दुपारच्या घंटेआधी त्याचं रक्त पातळ झालं, तर मी इथेच राहणार आणि तू ह्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाहीस. नाही झालं, तर गादी गुंडाळून तुझ्याकडे येते. आहे कबूल?"

"बरं," नुंत्सिया म्हणाली.

घरी परतताना, अर्ध्या वाटेवर, तिच्या डोक्यात उजेड पडला. आईने घरी यावं असं वाटत असेल तर उद्या रक्त पातळ होता कामा नये. म्हणजे आपण उद्या देवळात उभं राहून नेमकं काय मागायचं? त्या विचारासरशी तिने गाडीतली लोखंडी दांडी दोन्ही हातांनी पकडली. अशुभ काही मनात आलं की इथली माणसं लोखंडाला हात लावतात.

बाहेरच्यांना ह्यातलं भय कळायचं नाही. संताचं वाळलेलं रक्त एका काचेच्या कुपीत जपून ठेवलंय. वर्षातून तीनदा ती कुपी बाहेर काढतात, धर्मगुरू ती हातात धरून कलती करतात, आणि आतली काळी गाठ वितळून लाल पाणी झालं की शहर सुटकेचा निःश्वास टाकतं. नाही वितळली, की कुठल्या साली रोगराई आली आणि कुठल्या साली ज्वालामुखी उसळला ह्याची उजळणी सुरू होते. आपला ह्यावर विश्वास नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या दिवशी ते सगळे देवळात असतात.

*

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. नुंत्सियाचे आजचे पाहुणे हॉलंडचे होते, बहुतेक निवृत्त, उंचच उंच, त्यामुळे निदान हरवायची भीती नव्हती. तिच्या कॉलरला माइक होता आणि प्रत्येकाच्या कानात एक छोटं यंत्र. ती कुजबुजली तरी त्यांना ऐकू जायचं.

"किती वेळ लागतो साधारण?" योस्त नावाच्या गृहस्थांनी विचारलं. "दुपारी पिझ्झ्याचं टेबल राखलंय ना आपण?"

"कधी लगेच होतं, कधी ताटकळत ठेवतात," नुंत्सिया इंग्रजीत म्हणाली.

"आणि झालंच नाही तर?"

"तर टेबल थांबेल," ती म्हणाली. नेहमी ह्या वाक्यावर ती हसायची आणि पाहुणेही हसायचे. आज पाहुणेच तेवढे हसले.

पुढे, अगदी कठड्याला लागून, संताच्या नातेवाईक बसल्या होत्या. सगळ्या म्हाताऱ्या. संताला मूलबाळ नव्हतं, पण ह्या बायका स्वतःला त्याच्या गोतातल्या म्हणवतात, आणि आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे हे नातं चालत येतं. नात्याबरोबर हक्क येतो तो एकच, त्याला शिव्या द्यायचा. संताचा चांदीचा मुखवटा सोन्याने मढवलेला आहे. त्यावरून त्याला पिवळतोंड्या म्हणायचं हेही त्यांनीच ठरवलंय. तितीना दुसऱ्या जागेवर बसली होती, काळा झगा, डोक्यावर काळी जाळी. तिच्या शेजारी एर्सिलिया मावशी, वय झालं तरी जिचा आवाज बंदरापर्यंत जाईल अशी.

धर्मगुरूंनी कुपी वर उचलली आणि कलती केली. गाठ काचेला तशीच चिकटलेली. त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या मानकऱ्याच्या हातात पांढरा रुमाल होता. रक्त वितळलं की तो रुमाल हलवतो, तोवर हात खाली. हात खालीच होता.

"चल रे, पिवळतोंड्या!" एर्सिलिया मावशीने सुरुवात केली. "सोन्याचं तोंड घेऊन बसलायस, जरा इकडे बघ!"

"तुझ्या नावानं पोरांची नावं ठेवली," तितीनाने सूर मिळवला, "तुझ्या नावानं मेणबत्त्या जाळल्या, आणि तू हा असा तोंड फुगवून! लाज नाही वाटत, मेल्या?"

पाहुण्यांत खसखस पिकली. एक हानेके नावाच्या बाई होत्या, गोऱ्यापान, डोळ्यांत कायम कौतुक. त्यांनी नुंत्सियाच्या दंडाला हात लावून विचारलं, "त्या काय म्हणताहेत?"

"प्रार्थना करताहेत," नुंत्सिया म्हणाली, आणि हे खोटं नव्हतं.

वेळ जाऊ लागला. कुपी कलती व्हायची, सरळ व्हायची. देवळात उकाडा वाढला. मेणाचा वास, घामाचा वास. म्हाताऱ्यांच्या शिव्यांत आता लाड उरला नव्हता, खरोखरीची धार आली होती. आजूबाजूचे लोक एकमेकांकडे बघू लागले. नुंत्सियाच्या पुढे कोट घातलेला एक जाडा गृहस्थ होता, तो पुन्हापुन्हा मान पुसत होता.

आणि नुंत्सिया मनात आईची गादी उचलत होती. धाकट्या खोलीत टाकू. खिडकीपाशी नको, वारं लागतं. एवढी सकाळ निघून गेली आणि गाठ तशीच, म्हणजे जमेल बहुतेक, म्हणजे रक्त पातळ नाही होणार. एकदा आई घरी आली की मग काय व्हायचं ते होवो. तिचे ओठ हलू लागले. "आज नको," ती आपल्या बोलीत पुटपुटली. "आज नको रे बाबा. आज राहू दे."

हे आपण काय मागतोय? पण जीभ थांबेना. आज नको. आज राहू दे. डोळ्यांपुढे ती फट होती, आणि फटीखाली झोपलेली आई.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की हेच शब्द मागूनही येताहेत.

तिने वळून पाहिलं. हानेकेबाई डोळे मिटून, हात छातीशी जोडून, परक्या उच्चारात अडखळत म्हणत होत्या, "आज नको... आज राहू दे." त्यांच्या बाजूला योस्त. त्यांच्यामागे बाकीचे. अख्खी फलटण अत्यंत भक्तिभावाने पुटपुटत होती. नुंत्सियाचा हात कॉलरवर गेला. माइक चालू होता. मघापासून तिचं पुटपुटणं त्यांच्या कानात जात होतं, आणि त्यांना वाटलं, गाईडबाई प्रार्थना शिकवताहेत.

"किती सुंदर लय आहे!" हानेकेबाई कुजबुजल्या. "जुना मंत्र आहे ना?"

एकटीचं पाप निभावून नेता आलं असतं. आता हे सगळे निरागस ताडमाड लोक तिच्याबरोबर शहराच्या उलट्या बाजूला दोर ओढत होते.

तेवढ्यात जाड्या गृहस्थाने मान वळवली. आधी कान दिला, मग डोळे बारीक केले.

"ओ बाई, ही तुमची माणसं काय बोलताहेत?"

"परदेशी आहेत हो, त्यांना काय कळतंय."

"त्यांना कळत नसेल, मला कळतंय! 'आज नको' म्हणताहेत! इथे आम्ही सकाळपासून घसा फोडतोय, माझी पोरगी पोत्सुओलीत राहते, रोज रात्री मोटारीत झोपते, आणि तुमची गिऱ्हाइकं म्हणताहेत आज नको?" अपशकुन टळावा म्हणून त्याने दोन बोटांची शिंगं करून जमिनीकडे रोखली. "कुणी शिकवलं त्यांना हे?"

माझी आईही पोत्सुओलीत राहते, असं म्हणायला तिचं तोंड उघडेना. ह्या माणसाची पोरगी मोटारीत झोपते. तिच्या शेजारी आणखी मोटारी असतील. ती सगळी माणसं आज ह्या कुपीकडे डोळे लावून बसली असतील, आणि मी माझी एक म्हातारी उचलून घ्यायला बाकीच्यांना खाली ठेवून निघाले. तिला स्वतःची शिसारी आली. तरीही आतून एक चिवट आवाज म्हणतच होता, पण आई माझी आहे.

पुढे म्हाताऱ्यांचे आवाज बसत चालले होते. तितीनाचा तर पार गेला होता, नुसते ओठ हलत होते. नुंत्सियाने टाचा उंचावून पाहिलं. आईने झग्याच्या गळ्यात हात घातला, आतून काहीतरी काढलं आणि दोन्ही मुठींत घट्ट धरून कपाळाला लावलं. जपमाळ असेल, नुंत्सियाला वाटलं. आईचे खांदे हलत होते. ती रडत होती. अप्पा, म्हणजे नुंत्सियाचे वडील, गेले तेव्हाही ती अशी चारचौघांत रडली नव्हती.

आणि मग जमीन हलली.

फार नाही. पायाखालून कुणीतरी जड कपाट सरकवावं, इतकंच. पण वरची मोठी झुंबरं झुलत राहिली, एकाच दिशेने, संथ, आणि सगळ्या देवळाने एकदम श्वास आत घेतला. कुठेतरी लहान मूल रडलं. जाडा गृहस्थ मटकन गुडघ्यांवर बसला आणि खिशातून फोन काढून बोटं आपटू लागला. "उचल गं, उचल," तो म्हणत होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी दाराकडे बघितलं.

नुंत्सियाला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. असं काही नसतं हे तिला माहीत होतं. दर आठवड्याला ती पाहुण्यांना नकाशा दाखवून जमीन का हलते ते समजावून सांगायची. त्या क्षणी तो नकाशा तिच्या काही कामाचा नव्हता. तिला एवढंच दिसत होतं, की पुढे तिची आई एकीकडे ओढतेय आणि मागे मी दुसरीकडे, आणि मध्ये तो बिचारा संत.

"राहू दे तिला तिच्या घरात," ती म्हणाली. "मी नाही पुन्हा तोंड उघडणार. पण कर आता."

नुसतं पुटपुटून भागण्यातलं हे नव्हतं. तिने पाहुण्यांकडे तोंड फिरवलं.

"ऐका! मघाचं विसरा. ते चुकीचं होतं. पूर्ण चुकीचं!"

"चुकीचं?" योस्त दचकले. "आमचे उच्चार चुकले का?"

"उच्चार नाही, मीच चुकले. आता मी म्हणते तसं म्हणा. आणि पुटपुटायचं नाही, ओरडायचं. त्या पुढच्या बायकांसारखं. रागावून!"

"संतावर रागवायचं?" हानेकेबाईंना ते पटेना.

"आपल्या माणसावर रागावतो ना, तसं!" आणि ती हिरवी छत्री उंच नाचवत, लहानपणी आईच्या मांडीवरून ओरडायची त्याच पट्टीत ओरडली, "अरे पिवळतोंड्या! किती जीव खाशील? सगळं शहर पदर पसरून बसलंय, तुला दिसत नाही? कर, मेल्या, कर!"

आधी तिचे पाहुणे गोंधळले. मग योस्तसाहेबांनी, ज्यांना सकाळपासून पिझ्झ्याची काळजी होती, घसा खाकरला आणि पहाडी आवाजात आरोळी ठोकली. उच्चारांचा पार चोथा झाला होता, पण राग बरोब्बर लागला. त्यांच्यामागे हानेकेबाई, त्यांच्यामागे सगळी फलटण. आजूबाजूचे हसावं की रडावं ह्या पेचात पडले आणि तेही ओरडू लागले. जाडा गृहस्थ एका हाताने फोन कानाशी धरून ओरडत होता. मध्येच तो थांबला, फोनमध्ये म्हणाला, "बरी आहेस? बरी आहेस ना? मग ठेव, मला ओरडू दे," आणि पुन्हा सुरू झाला.

पुढच्या रांगेत एक काळी जाळी मागे वळली. तितीनाने गर्दीतून, छत्रीवरून अंदाज घेत, आपल्या मुलीकडे पाहिलं. मग ती पुन्हा समोर वळली.

धर्मगुरूंनी कुपी कलती केली. ती तशीच धरून ते थांबले. शेजारचा मानकरी वाकला, डोळे किलकिले केले, आणखी वाकला.

पांढरा रुमाल वर गेला.

पुढचा गलका शब्दांत मांडायच्या भानगडीत पडत नाही. लोक रडत होते, टाळ्या वाजवत होते, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. जाड्या गृहस्थाने नुंत्सियाला उचलून तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मघाचं सगळं विसरून. किल्ल्यावरून तोफा वाजू लागल्या. त्यांच्या आवाजात दुपारची घंटा कधी झाली ते कुणाला ऐकूही आलं नाही. घंटेआधीच झालं होतं, एवढं नुंत्सियाला कळलं. आई जिंकली होती.

तीही रडत होती. शहर वाचलं म्हणून सगळे रडत होते, त्यात तिचं वेगळं रडणं खपून गेलं.

*

पाहुण्यांना तिने चौकात, कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं आणि ती पायऱ्यांवर आईची वाट बघत उभी राहिली. एर्सिलिया मावशीच्या दंडाला धरून तितीना बाहेर आली. मावशीने नुंत्सियाचा गालगुच्चा घेतला.

"घे तुझी आई. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही घेतलेला. आणि ते लांबडे कुणाचे गं? तुझे? पुढल्या सणाला आण त्यांना, आवाज चांगला आहे." असं म्हणून ती गर्दीत शिरली.

तितीना पायरीवर बसली. नुंत्सियाने बाटली पुढे केली. म्हातारी घटाघट पाणी प्यायली. आवाज नव्हताच, नुसता वारा निघत होता, म्हणून नुंत्सियाने कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"तू जिंकलीस, आई," नुंत्सिया आधी म्हणाली. तिचा स्वर ठरवल्याइतका धड राहिला नाही. "शब्द म्हणजे शब्द. मी पुन्हा काही बोलणार नाही. फक्त पलंग त्या भिंतीपासून लांब सरकवू, तेवढं तरी करू दे. आणि मी येत जाईन रात्री झोपायला. माझी गादी आणते."

"सकाळपासून काय मागत होतीस?"

नुंत्सिया हातातलं बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

"मला ठाऊक आहे," तितीना म्हणाली. "पुढे बसलं की मागचा एकेक आवाज कळतो. तुझा नव्हता. माझी पोरगी, नापोलीत सगळ्यांत मोठ्या नरड्याची, आणि तिचा आवाज नाही. मग काय मागत असेल, हे कळायला मला कुणी गाईड लागत नाही."

"रागावलीस?"

"रागावले. घसा बरा झाला की ओरडेन. मग मध्येच आला तुझा आवाज. उशिरा आला, पण आला." तिने पुन्हा पाणी प्यायलं. "मला वाटलं, तो माझ्यावर रुसलाय. अख्ख्या गावाचं मागणं मागायला बसले, आणि आदल्या दिवशी मी त्याला माझ्या एका घराच्या सौद्यात ओढलं. म्हणून तो करत नाहीये. आवाज गेला तेव्हा मनातल्या मनात त्याला म्हटलं, घे. एक घर घेतलंस, हेही घे. मी उठते. पण ह्यांच्यासाठी कर."

नुंत्सियाला आधी समजलंच नाही. मग तितीनाने मूठ उघडली. जपमाळ नव्हती. घराची किल्ली होती, आणि इतका वेळ आवळून धरल्यामुळे तिचे दाते तळहातावर लाल उमटले होते.

"पण ते तर झालं ना! घंटेआधी झालं. तुझी अट..."

"ती अट तुझ्याशी होती. हा शब्द त्याला दिलाय. त्याला दिलेला शब्द फिरवायला मी काय पुढारी आहे?" तिने किल्ली मुलीच्या हातात दाबली. "कपाटात तुझ्या अप्पांचा फोटो आहे, तो आधी आण. लिंबाची कुंडी आण. गॅसवर काही ठेवलेलं नाही. ह्या वेळी मी बघून निघाले."

म्हणजे ती सकाळीच बघून निघाली होती. नुंत्सियाने किल्ली मुठीत धरली. किल्ली गरम होती. काल रात्रीपासून तिने हेच मागितलं होतं, ह्याच्यासाठी सबंध शहराचं वाईट चिंतलं होतं, आणि आता ते हातात आल्यावर तिला असं वाटलं, की आपण आईच्या घरातून काहीतरी चोरून आणलंय. ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली. म्हातारीने तिला रडू दिलं.

"पुरे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लोक बघताहेत. आणि एक ऐक."

"काय?"

"ते घर उद्या पडेल, नाहीतर पडणार नाही. दुरुस्त करतील, रंग लावतील. पुढेमागे तिथे दिवे लावले आणि तिकीट लावलं, तर कुणीही येऊ दे, मला काय. पण तू ही छत्री घेऊन तिथे यायचं नाहीस. कबूल?"

"कबूल."

ह्या वेळी तिने नीट विचार करून म्हटलं. मग हातातली छत्री खाली घेतली आणि पायरीवर, आईच्या झग्याच्या आड ठेवली. चौकाच्या कोपऱ्यावर तिचे उंच पाहुणे आणखी उंच माना करून गर्दीत हिरवी छत्री शोधत होते.